डिकी की गॅस?

सीएनजी लिटरवर नव्हे, किलोवर मिळतो. ६० लिटरच्या टाकीत सुमारे २०० बार दाबाने जेमतेम ८ ते १० किलो गॅस मावतो आणि टाकीनेच डिकी जवळपास संपते. गणपतीला घोडपदेवहून कोकणात निघणाऱ्या कुटुंबाची खरी अडचण हीच: बॅगा ठेवायच्या कुठे? २०२३मध्ये टाटांनी अल्ट्रोझमध्ये दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या. हा तोडगा मला मनापासून पटतो. रोज गाडी चालवणाऱ्याला सीएनजी परवडतो. महिन्यातून दोनदाच काढणाऱ्याने कीटचा खर्च आधी मोजावा. बाहेरून कीट बसवलंत, तर आरसीवर नोंद करा, विमा कंपनीला कळवा. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर ३ वर्षांनी सक्तीची आहे. चाळीच्या दारात गाडी लावता, तर ही टेस्ट एकदाही चुकवू नका.