कॉलमचा प्रकार टेबललाच विचारा

दिल्लीचा एसटीडी कोड ०११, नोएडा-गाझियाबादचा ०१२०, गुरुग्रामचा ०१२४. हे तीन कोड एका टेबलमध्ये भरा आणि त्या कॉलमचा डेटा टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, इंटिजर ठेवा. परत वाचाल तेव्हा ११, १२० आणि १२४ मिळतील. पुढचे शून्य गेले आणि संगणकाने तक्रारही केली नाही, कारण संख्या म्हणून ०११ आणि ११ एकच.

पिनकोडचे नशीब थोडे बरे. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. (वेलणकर संस्कृतचे कवीही होते.) पिनचा पहिला अंक विभाग सांगतो: दिल्ली १ मध्ये, महाराष्ट्र ४ मध्ये, आणि ९ हा सैन्याच्या टपालसेवेचा, हे आपल्या शाळेत वेगळे सांगायला नको. शून्याने सुरू होणारा पिन नसतोच, म्हणून दिल्ली छावणीचा ११००१० इंटिजरमध्येही शाबूत राहतो. तरीही तो मजकूर म्हणूनच ठेवावा असे माझे मत आहे. दोन पिनकोडांची बेरीज कोण कशाला करील?

खरी पंचाईत तारखेची. सैनिक शाळेत सहावीच्या प्रवेशासाठी ३१ मार्चला वय १० ते १२ वर्षे लागते. समजा, अर्जांच्या टेबलमध्ये जन्मतारीख डेट प्रकारात नसून व्हारकॅर, म्हणजे साध्या मजकुराच्या प्रकारात आहे, आणि ती दिवस-महिना-वर्ष अशी लिहिली आहे. आपण '०१-०४-२०१४' किंवा त्यानंतर जन्मलेली मुले मागितली. संगणक मजकुराची तुलना डावीकडून एकेक अक्षर घेऊन करतो. त्यामुळे '१५-०८-२०१०' त्याला मोठी वाटते आणि वय उलटलेला मुलगा यादीत येतो. उलट '०१-०१-२०१५' लहान ठरते आणि पात्र मुलगा यादीतून गळतो. प्रोग्राम बिनतक्रार चालतो, यादी नीटनेटकी छापली जाते; एका मुलाचे नाव मात्र त्यात नसते.

म्हणून दुसऱ्याने बनवलेल्या टेबलवर काम करण्याआधी कॉलमचे प्रकार पाहून घ्यावेत. बारावीला संगणकशास्त्र घेतलेल्या छात्रांना मायएसक्यूएलमधली 'डेस्क' ही आज्ञा माहीत आहे. टेबलचे नाव पुढे लिहिले की कॉलम आणि त्यांचे प्रकार पडद्यावर दिसतात. पण ते डोळ्यांनी वाचण्यासाठी. चाळीस टेबले असतील, किंवा तपासणी रोज प्रोग्रामनेच करायची असेल, तर वेगळा मार्ग हवा.

तो मार्ग डेटाबेसच्या पोटातच आहे. रिलेशनल डेटाबेसची कल्पना १९७० मध्ये मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी पुढे १९८५ मध्ये जे नियम सांगितले, त्यांत एक असा होता की डेटाबेसचे स्वतःचे वर्णनही इतर माहितीसारखेच टेबलांत असावे आणि त्याच भाषेत विचारता यावे. मायएसक्यूएलमध्ये या वर्णनाच्या संचाला 'इन्फर्मेशन स्कीमा' म्हणतात. त्यातल्या 'कॉलम्स' नावाच्या टेबलमध्ये प्रत्येक कॉलमसाठी एक ओळ असते. प्रश्न असा विचारायचा (टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत):

सिलेक्ट कॉलम_नेम, डेटा_टाइप फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.कॉलम्स व्हेअर टेबल_स्कीमा = 'शाळा' अँड टेबल_नेम = 'अर्ज' ऑर्डर बाय ऑर्डिनल_पोझिशन;

टेबल_स्कीमाची अट गाळू नका. एकाच सर्व्हरवर गेल्या वर्षीच्या डेटाबेसमध्येही 'अर्ज' नावाचे टेबल असेल, तर दोघांचे कॉलम एकत्र मिसळून येतील. मजकुराची कमाल लांबी आणि कॉलम रिकामा चालतो की नाही हेही याच टेबलमध्ये मिळते.

पायथनमधून हा प्रश्न नेहमीच्या 'एक्झिक्यूट'ने पाठवा. 'फेचऑल'ने आलेल्या प्रत्येक ओळीत कॉलमचे नाव आणि प्रकार अशी जोडी असते. त्यांची डिक्शनरी करा आणि जन्मतारखेचा प्रकार 'डेट' नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबवा. मग 'एसटीआर_टू_डेट' हे फंक्शन वापरून मजकुराची खरी तारीख करून घेता येते, आणि वर सांगितलेली तुलना बरोबर होते.

टेबलऐवजी एखाद्या क्वेरीच्या उत्तरातले प्रकार हवे असतील, तर क्वेरी चालवल्यावर कर्सरचे 'डिस्क्रिप्शन' पाहा. त्यात प्रत्येक कॉलमसाठी सात गोष्टींचा टपल असतो. पहिली नाव, दुसरी प्रकाराचा संकेतांक. मायएसक्यूएलमध्ये ३ म्हणजे साधा इंटिजर, १० म्हणजे डेट, २५३ म्हणजे व्हारकॅर.

एसक्यूलाइटवर सराव करणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. तिथे डिस्क्रिप्शनमध्ये फक्त नाव मिळते, बाकीच्या सहा जागी 'नन' असते. इन्फर्मेशन स्कीमाही नाही. त्याऐवजी 'प्राग्मा टेबल_इन्फो' विचारावे लागते. शिवाय साध्या टेबलात, तिथे दिसणारा प्रकार हा केवळ जाहीर केलेला असतो. इंटिजर म्हटलेल्या कॉलममध्ये 'गैरहजर' हा शब्दही एसक्यूलाइट मुकाट्याने ठेवून घेते. प्रत्यक्ष काय साठले आहे ते 'टाइपऑफ' फंक्शन सांगते. त्या फंक्शनवर ग्रुप बाय लावून ओळी मोजल्या, की दोनशे इंटिजरांत दडलेले तीन मजकूर लगेच उघडे पडतात.