षड्ज सोबत घेऊन गेलेल्या

संध्याकाळी उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकात उभं राहिलं की तीन भाषा एकदम कानावर येतात. घड्याळाच्या मनोऱ्याभोवती पाणीपुरी आणि चाटच्या गाड्या लागलेल्या असतात. हिंदीत भाव विचारला जातो, उत्तर माळवी वळणाचं येतं आणि मागे उभं असलेलं मराठी कुटुंब आपसात मराठीत ठरवत असतं की आज काय खायचं. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास राजधानी ग्वाल्हेरला हलवली, पण उज्जैनमधली मराठी घरं इथेच राहिली. त्यांच्या बोलण्यात माळव्याचा हेल मुरला, तरी घरातली भाषा मराठीच राहिली.

भाषेचं जे होतं तेच गाण्याचंही होतं. त्याचा दाखला या चौकापासून ३५-४० किलोमीटरवर, देवासला आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८च्या जानेवारीत देवासला आले ते क्षयाने पोखरलेलं फुफ्फुस घेऊन. काही वर्षं गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या कानावर येत राहिली ती बायकांची लग्नातली, पावसाची, जात्यावरची गाणी. त्या धुनांमधून पुढे मालवती, संजारी, सहेली तोडी असे राग उभे राहिले. लोकधून त्यांनी ख्यालाला बाहेरून चिकटवली नाही. तिच्यात दडलेला राग शोधून वर काढला.

कुमारजींच्या पाठोपाठ, १९२५ साली, त्याच बेळगावात आणखी एक मोठी गायिका जन्मली. तिचा आवाज पुढे जर्मनीत निघालेल्या एका जॅझ अल्बमवर उमटला. तिच्याकडे वळण्याआधी मुंबईची एक मुलगी.

आशा पुथली यांचा जन्म १९४५चा. घर सारस्वत, सुशिक्षित. कमलादेवी चट्टोपाध्याय नात्यातल्या. मुलीला हिंदुस्थानी गाणं शिकवलं गेलं, पाश्चात्य गायनाचीही तालीम मिळाली, आणि रेडिओवरच्या जॅझचं वेड तिने स्वतःच लावून घेतलं. मुंबईला ते नवं नव्हतं. १९३०च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात परदेशी जॅझवादक येत होते आणि त्यांच्या बाजूला बसून गोव्याचे वादक ही विद्या उचलत होते. तेच वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जात. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या गोवेकर ट्रम्पेटवादकाला सोबत घेऊन १९५१च्या ‘अलबेला’मध्ये जो ठेका आणला, त्यावर मराठी घरातल्या आजीबाईसुद्धा मान डोलवत आल्या आहेत. जॅझ हा शब्द ठाऊक नसेल, पण त्याची चव आपल्या जिभेला फार आधीपासून आहे.

पुथलींनी मात्र सिनेमाचा रस्ता धरला नाही. काही काळ ब्रिटिश विमान कंपनीत हवाईसुंदरीचं काम केलं आणि मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्क गाठलं. त्याआधी लेखक वेद मेहता यांनी मुंबईत त्यांना ऐकलं होतं; भारतावरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी या जॅझवेड्या मुलीबद्दल लिहिलं. बिली हॉलिडे आणि बॉब डिलन यांना पुढे आणणाऱ्या जॉन हॅमंड यांच्यापर्यंत तिचं नाव पोहोचलं, आणि १९७१ साली ती स्टुडिओत उभी राहिली ती थेट सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्यासमोर.

कोलमन हे जॅझमधलं सगळ्यात अवघड दार. ते का अवघड, हे आपल्या गाण्याच्या भाषेत नीट सांगता येतं. ख्यालात तानपुरा एक षड्ज धरून ठेवतो आणि मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. नेहमीच्या जॅझमध्ये पायाखालची जमीनच सरकत असते. गायिकेने सा धरला आणि पियानोवरची कॉर्ड बदलली की तोच सा एकदा पंचम होतो, पुढच्या मात्रेला गंधार. जॅझ गाणाऱ्याचा कान या सरकत्या जमिनीवर तयार झालेला असतो. पियानो वाट दाखवतो, गाणारा चालतो. कोलमन यांनी १९५९पासून पियानोच काढून टाकला. कॉर्डचा नकाशा नाही, ठरलेलं वळण नाही. सगळी वाद्यं आपापली चाल एकाच वेळी गातात आणि सूर एकमेकांना घासत जातात. ‘सायन्स फिक्शन’ या त्यांच्या अल्बममधल्या दोन गाण्यांसाठी गायक हवा होता. पियानोच्या आधारावर वाढलेला गळा इथे गोंधळला असता.

पुथलींचा गोंधळला नाही. कॉर्डच्या आधाराशिवाय एक सूर लावून तो डगमगू न देता धरून ठेवणं, हे आपल्याकडे पहिल्या वर्षाला शिकवतात. सकाळच्या खर्जाच्या रियाजात दुसरं काय असतं? त्यामुळे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन भोवती घोंघावत असताना, मागे बिली हिगिन्स आणि एड ब्लॅकवेल असे दोन ड्रमवादक असताना, हा आवाज मधोमध निश्चल उभा राहतो. मग शब्दाच्या शेवटी हलकेच वळतो, मींड घेतल्यासारखा. हिंदुस्थानी तालीम तिथे दागिन्यासारखी मिरवत नाही. ना तान, ना सरगम, ना कुठे ‘हे बघा भारतीय’ अशी खूण. ती फक्त कण्यात आहे. माझ्या मते जगभरचं संगीत एकत्र आणण्याचे जे हजार प्रयोग झाले, त्यांतला हा सगळ्यात खरा, कारण इथे मिश्रण पाट्यावर ठेवून वाटलेलं नाही. ते गळ्यात आधीच झालेलं होतं.

अल्बम १९७२ साली बाजारात आला. पुथलींचा स्वतःचा पहिला अल्बम १९७३ साली युरोपात निघाला. त्यात जॉर्ज हॅरिसन, बिल विदर्स, जे. जे. केल यांची गाणी त्यांनी आपल्या पद्धतीने फिरवली. १९७६च्या ‘द डेव्हिल इज लूज’मधलं ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कच्या नाचघरांत रात्र रात्र वाजलं, आणि १९९७ साली नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरने त्याचा तुकडा आपल्या गाण्यात वापरला. त्या गाण्यावर नाचलेल्या किती अमेरिकन पोरांना कळलं असेल की कानाशी कुजबुजणारी ती बाई मुंबईची आहे? आणि मुंबईत तरी किती जणांना? आपल्या संगीतविषयक लिखाणात त्यांचं नाव फार क्वचित येतं. ही उणीव टोचावी अशीच आहे.

आता बेळगावकडे.

भानुमती शिरोडकर म्हणजे शोभा गुर्टू. आई मेनकाबाई नर्तकी आणि गायिका, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. मुलीने कोल्हापुरात भुर्जी खाँकडे जयपूर घराण्याची तालीम घेतली, आणि ठुमरी-दादऱ्याची दीक्षा पुढे घम्मन खाँकडून. लग्न विश्वनाथ गुर्टू यांच्याशी. काश्मिरी घर बेळगावात स्थिरावलेलं, सासरे सतारीचे जाणकार. म्हणजे हे घरच मुळात एक संगम होतं. ठुमरीत शोभाताई एकच ओळ घेऊन बसत. शब्द तेच, पण एकदा रुसवा, एकदा लाडीगोडी, एकदा नुसती थकलेली वाट पाहणं. याला बोल बनवणं म्हणतात. जॅझ गायक एकाच धुनेला प्रत्येक फेरीत नवा अर्थ देतो ते याहून फार दूरचं नाही.

त्यांचा मुलगा त्रिलोक, जन्म १९५१, मुंबईत तबला शिकला आणि युरोपात जाऊन जॅझचा तालवादक झाला. तबला आणि ड्रम हे त्याने वेगळे मानलेच नाहीत; ड्रमसेटसमोर जमिनीवर बसून दोन्ही एकत्र वाजवण्याची रीत त्याने स्वतः घडवली. ‘ओरेगन’ या गटात तो कॉलिन वॉलकॉट यांच्या अपघाती निधनानंतर आला, पुढे जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत त्याने वाजवलं. स्वतःचा पहिला अल्बम करायची वेळ आली तेव्हा त्याने आईला बोलावलं. ‘उसफ्रेत’ हा अल्बम १९८८चा. त्यात राल्फ टाउनर यांची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन, योनास हेलबोर्ग यांची बास गिटार आणि शोभा गुर्टूंचा गळा. एका रचनेचं नावच ‘शोभारॉक’.

ऐकताना सगळ्यात आधी जाणवतं ते हे की आईने मुलासाठी आवाज बदललेला नाही. तोच किंचित जाड, उन्हात तापलेल्या मातीसारखा पोत, तीच शब्दावर रेंगाळण्याची सवय. भोवतालचे वादक तिच्या चालीने चालतात. साठी ओलांडलेली ठुमरीगायिका विजेच्या वाद्यांच्या मध्ये बसते आणि मैफलीतली बैठक मोडू देत नाही! त्याच सुमारास, १९८७ साली, त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, पुढे २००२ साली पद्मभूषण. २००४ साली त्या गेल्या तेव्हाच्या मृत्युलेखांत ठुमरीची राणी हे बिरुद ठळक होतं. ‘उसफ्रेत’चा उल्लेख शोधावा लागला असता.

आणि एक धागा. ‘उसफ्रेत’वर ट्रम्पेट वाजवणारे डॉन चेरी तेच, जे १९७१ साली ‘सायन्स फिक्शन’च्या ध्वनिमुद्रणातही होते. मुंबईची पुथली आणि बेळगावच्या गुर्टू यांच्या दोन अल्बमांना जोडणारा हा माणूस स्वतः पंडित प्राणनाथांकडे हिंदुस्थानी गाणं शिकला होता. ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. मुंबईत निरंजन झवेरी यांनी १९७८ साली ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू केला तेव्हा पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक इथे येऊन वाजवून गेला.

ही वाट आता बंगळुरूपर्यंत पोहोचली आहे. कर्नाटक संगीतात वाढलेल्या वारिजश्री वेणुगोपाल यांनी जॉन कोल्ट्रेन यांची ‘जायंट स्टेप्स’ ही बोटांना घाम फोडणारी रचना चक्क सरगममध्ये गाऊन दाखवली. त्यांचा ‘वारी’ हा अल्बम २०२४ साली अमेरिकन संगीतकार मायकेल लीग यांनी निर्माण केला. कोलमनसमोर उभ्या राहिलेल्या मुलीला पियानोविना गावं लागलं होतं. या मुलीने कॉर्डचा सगळ्यात अवघड नकाशाच स्वरांच्या नावांनी पाठ म्हणून दाखवला.

हे सगळं ऐकायला आता न्यूयॉर्कला जावं लागत नाही. पुथलींची कोलमनसोबतची दोन्ही गाणी मिळून सातेक मिनिटांची आहेत. आधी शोभाताईंची एखादी दादऱ्याची मैफल ऐकावी, मग ‘शोभारॉक’, आणि त्यानंतर ती सात मिनिटं. टावर चौकातून देवासच्या बसमध्ये बसणाऱ्याचं, गाव यायच्या आत, हे सगळं ऐकून होतं.