सात मिनिटांचा भूप

क्लासच्या गुरुपौर्णिमेचं टेन्शन लहान मुलांना नसतं. ती येतात, सरगम म्हणतात, पेढा घेऊन पळतात. घाम फुटतो तो विशीनंतर शिकायला बसलेल्यांना. म्हणजे तुम्हाला, आणि बँकेतून थेट क्लासला येणाऱ्या काकांना. ‘आता या वयात चारचौघांत गायचं?’

बीड जिल्ह्यात खरं तर हा प्रश्न पडायलाच नको. गावच्या सप्ताहात टाळ धरणाऱ्याला वय कोण विचारतं? अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर वारकरी परंपरेतल्या पखवाजावर एवढे मोठे झाले, की १९८६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण टाळकऱ्यांच्या गर्दीत आपला आवाज लपतो. क्लासच्या सतरंजीवर तो एकटाच असतो. भीती आहे ती त्याची.

म्हणून पहिल्यांदा गाताना शहाणपणा करू नका. विलंबित एकताल तर नकोच. भूप घ्या. मध्यम-निषाद नाहीत, पाचच स्वर सांभाळायचे. मध्यलय तीनतालातली बंदिश, चार आलाप, दोन-तीन ताना, झालं. सात मिनिटं पुरतात. (घरी ती सात मिनिटं दोन वाटतात, बैठकीत सत्तर.)

घोळ होतो तो लयीत. छाती धडधडते, आपण पळायला लागतो आणि सम हुकते. अशा वेळी बहुतेक जण जास्त जोरात गातात. उलट करा. गप्प बसा, ठेका ऐका. ‘तिं तिं ता’ आलं, डग्ग्याचा घुमारा थांबला, की काल सुरू आहे, सम पुढेच आहे. एक आवर्तन जाऊ द्या आणि मुखडा पकडा. ऐकणाऱ्यांना वाटतं, गायकाने दम घेतला. तबलजीला कळतं, पण तो सांगत नाही.

हे परीक्षेत शिकायला मिळत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेत परीक्षक विचारतात, आपण तेवढं म्हणतो. बैठकीत कुणी काही विचारत नाही. सुरू केलंत, तर संपवायचंही तुम्हीच. मला तरी सर्टिफिकेटपेक्षा हे अवघड वाटतं.

याचा फायदा नंतर कळतो. नोव्हेंबरात अंबाजोगाईला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहातलं शास्त्रीय गाणं ऐकायला जाल, तेव्हा समेवर नुसती मान डोलणार नाही. कलाकार कुठून उचलतोय, कुठे थांबतोय, हे पोटात जाणवेल.

आणि हो, तुमची पट्टी आदल्या आठवड्यातच सरांना सांगून ठेवा. काळी एक की काळी चार, हे सतरंजीवर बसल्यावर ठरवलंत, तर तबला लावण्यात पाच मिनिटं जातील आणि तेवढा वेळ सगळे तुमच्याकडेच बघत बसतील.