उनो : घरचे नियम आणि छापील नियम

उनोचा डाव रंगात आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आमच्याकडे असंच खेळतात!’ कुणी प्लस टूवर प्लस टू चढवतं, कुणी जुळणारा पत्ता येईपर्यंत गड्डी उपसत बसतं, तर कुणी शेवटचा पत्ता काळा आहे म्हणून समोरच्याला सुटूच देत नाही. आपलाच नियम मूळचा, असं प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. डब्यातला नियमांचा कागद तोवर कधीच हरवलेला असतो. ज्या नियमांवरून मित्रमंडळींत सर्वांत जास्त वाद होतात, त्यांतले बरेचसे त्या कागदावर नाहीतच. कागदावरचे काही उत्तम नियम मात्र फारसं कुणी खेळत नाही.

गैरसमज : घरचे नियम लावले की खेळ बिघडतो.

वस्तुस्थिती : उनोचा जन्मच घरातल्या नियमांच्या वादातून झाला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटीजवळच्या रीडिंग गावात मर्ल रॉबिन्स नावाचे न्हावी राहत. ‘क्रेझी एट्स’ हा 52 पत्त्यांचा खेळ त्यांच्या घरात आवडीने खेळला जाई आणि त्याच्या नियमांवरून मुलाशी वादही होत. त्यातून 1971 मध्ये रॉबिन्स यांनी वेगळे पत्ते आणि स्वतःचे नियम तयार केले. कुटुंबाने 8,000 डॉलर उभे करून 5,000 कॅट छापून घेतले आणि सुरुवातीला ते रॉबिन्स यांच्या दुकानातच विकले. पुढच्याच वर्षी इलिनॉय राज्यातल्या जोलिएट शहरातल्या रॉबर्ट टेझॅक यांच्या गटाने 50,000 डॉलर आणि प्रत्येक कॅटमागे 10 सेंट मानधन देऊन या खेळाचे हक्क घेतले. 1992 मध्ये तो मॅटेल कंपनीकडे आला. कंपनीने अलीकडे बाजारात आणलेल्या 112 पत्त्यांच्या कॅटमध्ये स्वतःचा नियम लिहिण्यासाठी कोरे पत्तेही असतात. घरच्या नियमांना इतकी उघड मोकळीक क्वचितच एखादा खेळ देतो.

गैरसमज : प्लस टूवर प्लस टू टाकून पुढच्यावर ढकलता येतं.

वस्तुस्थिती : मूळ नियमांत हे नाही. प्लस टू पडला की पुढच्या भिडूने दोन पत्ते उचलायचे आणि त्याची पाळी जाते. हातात दुसरा प्लस टू असला तरी तो त्या वेळी टाकता येत नाही. प्लस फोरचंही तसंच. 2019 च्या मे महिन्यात कंपनीने समाजमाध्यमावर हा खुलासा केला, तेव्हा जगभरातल्या खेळाडूंनी तो साफ धुडकावून लावला. इतक्या लोकांच्या अंगवळणी हा घरगुती नियम पडला होता.

या नियमाने डाव लांबतो अशी तक्रार असते, पण नीट हिशेब केला तर खरा परिणाम वेगळा दिसतो. तीन प्लस टू पडले तर दोन्ही पद्धतींत एकूण सहाच पत्ते उचलले जातात. मूळ नियमात ते तीन वेळा दोन-दोन करून उचलले जातात आणि तिघांची पाळी जाते. घरगुती नियमात सहाच्या सहा एकाच भिडूच्या हातात येतात. एकाचं नशीब एका फटक्यात फिरावं, अशी धमाल हवी असेल तर हा नियम जरूर ठेवावा. लहान मूल खेळात असेल तर मात्र दोनदा विचार करावा.

गैरसमज : प्लस फोर कधीही टाकता येतो.

वस्तुस्थिती : साधा वाइल्ड कधीही टाकता येतो, प्लस फोरला अट आहे. खाली जो रंग चालू आहे, त्या रंगाचा एकही पत्ता हातात नसेल तरच तो टाकायचा. अट फक्त रंगाची आहे. त्याच आकड्याचा, पण दुसऱ्या रंगाचा पत्ता हातात असला तरी हरकत नाही.

खरी गंमत पुढे आहे. अट मोडून प्लस फोर टाकता येतो, फक्त पकडलं जाता कामा नये! ज्याच्यावर तो पडला, त्याला संशय आला तर तो आव्हान देऊ शकतो. मग टाकणाऱ्याने आपले पत्ते त्याला दाखवायचे. चोरी सापडली तर टाकणाऱ्यानेच चार पत्ते उचलायचे. तो खरा निघाला तर आव्हान देणाऱ्याच्या माथी चाराऐवजी सहा पत्ते. मराठी घरांत ‘चॅलेंज’ खेळून मोठे झालेल्यांना ही नजरेची लढाई चांगलीच ठाऊक आहे. उनोतला हा सर्वांत बुद्धीचा नियम आहे आणि नेमका तोच बहुतेक घरांत गाळला जातो.

गैरसमज : जुळणारा पत्ता येईपर्यंत उचलत राहायचं.

वस्तुस्थिती : एकच पत्ता उचलायचा. तो जुळला तर लगेच टाकता येतो, नाही तर पाळी पुढे जाते. मूळ कॅट 108 पत्त्यांचा. समजा, खाली लाल पाच आहे. मग उरलेले 24 लाल, इतर रंगांचे सहा पाच आणि आठ काळे असे 38 पत्ते चालतात. म्हणजे गड्डीतून एक पत्ता उचलला तर तो चालण्याची शक्यता साधारण तीनात एक. मिळेपर्यंत उचलायचं ठरवलं तर दर वेळी सरासरी अडीच-तीन पत्ते हातात येतात आणि कधी कधी आठ-दहाही. डाव खरोखर लांबतो तो या नियमाने.

याला लागूनच आणखी एक समज आहे : चालणारा पत्ता हातात असेल तर टाकलाच पाहिजे. बदाम सत्तीत चाल असताना ‘पास’ म्हणणं बऱ्याच घरांत चालत नाही, म्हणून तीच सवय इथेही येते. उनोत मात्र पत्ता राखून ठेवता येतो. त्या बदल्यात गड्डीतून एक उचलावा लागतो आणि मग टाकायचा झाला तर तो नवा पत्ताच टाकता येतो, हातातला जुना नाही.

गैरसमज : स्किप, रिव्हर्स किंवा काळा पत्ता टाकून सुटता येत नाही.

वस्तुस्थिती : कोणत्याही पत्त्यावर सुटता येतं. शेवटचा पत्ता प्लस टू किंवा प्लस फोर असेल, तरी पुढच्या भिडूला ते पत्ते उचलावेच लागतात, कारण त्यांचे गुण मोजले जातात.

‘उनो’ म्हणायला विसरल्याचा दंडही आपोआप बसत नाही. पुढच्या भिडूने पाळी सुरू करण्याआधी कुणी पकडलं, तरच दोन पत्ते उचलायचे. कुणाच्या लक्षात आलं नाही, तर विसरणारा सुटला.

गैरसमज : पहिला सुटला, तो जिंकला.

वस्तुस्थिती : तो फक्त तेवढा एक डाव जिंकला. इतरांच्या हातात उरलेल्या पत्त्यांचे गुण त्याला मिळतात : आकड्याच्या पत्त्याचे आकड्याइतके, स्किप, रिव्हर्स आणि प्लस टूचे 20, काळ्या पत्त्यांचे 50. ज्याचे आधी 500 होतील, तो खेळ जिंकतो. गुण मांडले की डावपेचच बदलतात. शेवटपर्यंत जपून ठेवलेला प्लस फोर अंगावर आला, तर सुटणाऱ्याला तो एकटाच 50 गुण देऊन जातो.

सात पडला की हातातले पत्ते बदलायचे, शून्य पडलं की सगळ्यांनी आपापले पत्ते पुढे सरकवायचे, किंवा तंतोतंत तोच पत्ता असेल तर पाळी नसताना मध्येच उडी घ्यायची, हे सगळे मूळ खेळाबाहेरचे नियम. तरीही 2016 मध्ये युबिसॉफ्टने काढलेल्या उनोच्या व्हिडिओ गेममध्ये ते हवे तेव्हा चालू-बंद करण्याची सोय आहे. 2023 मध्ये मॅटेलने ‘नो मर्सी’ नावाचा 168 पत्त्यांचा प्रकार आणला. त्यात प्लसवर प्लस चढवणं आणि मिळेपर्यंत उचलणं हे थेट छापील नियम झाले. एकेकाळच्या घरच्या नियमांना कंपनीनेच असं मानाचं पान दिलं.

तेव्हा पुढच्या वेळी पत्ते पिसण्याआधी चार प्रश्न विचारून घ्या : प्लसवर प्लस चालेल का? पत्ता एकच उचलायचा की मिळेपर्यंत? प्लस फोरला आव्हान देता येईल का? गुण मांडायचे का? उत्तरं काहीही असोत, ती पत्ते वाटायच्या आधी ठरवा. आणि एकदा तरी सगळे छापील नियम लावून खेळून बघा, विशेषतः प्लस फोरच्या आव्हानासकट.