मक्याला तारते, तुरीला मारते

निंदणाला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, ही तक्रार आम्ही मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात नेहमी ऐकतो. म्हणूनच आदिलाबादकडील मका-ज्वारीच्या वावरात ॲट्राझीनची पूड आली. ती वाईट नाही; पण तिचा स्वभाव ओळखल्याशिवाय तिला वावरात नेऊ नये.

स्वित्झर्लंडमधील गायगी कंपनीने १९५८ च्या सुमारास हे तणनाशक बाजारात आणले. ते ट्रायझीन कुळातले; या रसायनाच्या कड्यात नत्राचे तीन अणू असतात. पूड मुळांवाटे झाडात शिरते आणि पानांचे उन्हात अन्न करण्याचे काम बंद पाडते. मका व ज्वारी या विषाला आपल्या अंगातच निकामी करतात. तूर, सोयाबीन, हरभरा, पऱ्हाटी यांना ते साधत नाही.

घोळ नेमका इथेच होतो. आपल्याकडे ज्वारीत तुरीचे तास टाकण्याची जुनी रीत आहे. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने अशाच वावरात ही पूड फवारली. तूर उगवली, त्याला बरे वाटले. मग खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या आणि तासच्या तास बसले. ज्वारी मात्र हिरवीगार! कडधान्याचे मिश्र पीक असेल तर ॲट्राझीन नकोच. डवरा आणि खुरपेच बरे.

निव्वळ मक्यात ५० टक्के पूड एकरी हलक्या जमिनीला ८०० ग्रॅम, भारी जमिनीला १२०० ग्रॅम, २०० लिटर पाण्यात, पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, ओल असताना फवारतात. लव्हाळा व हराळी मात्र तिला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी पूड वाढवू नये, पैसे जातात आणि जमिनीत विष उरते.

हे उरणेच आम्हाला अधिक काळजीचे वाटते. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ही पूड लवकर विरत नाही, आणि पावसाबरोबर झिरपून विहिरीपर्यंत जाऊ शकते. युरोपात एक कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम एवढीच मर्यादा आहे. भूजलात ती पाळली जाईल याची खात्री न पटल्याने २००४ साली तिथे ॲट्राझीनची मान्यता काढून घेतली. अमेरिकेत ते अजून चालते. आपल्या केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात याचे नाव होते. २०२३ च्या बंदी आदेशात मात्र आले नाही.

तेव्हा पंप विहिरीच्या काठी किंवा नाल्यात धुऊ नका. अनवाणी फवारू नका. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. ते धुणाऱ्या माउलीचे हात त्याच पाण्यात असतात. रिकाम्या पुडक्यात मीठ-मिरची ठेवलेलीही आम्ही पाहिली आहे!

मक्यानंतर हरभरा घ्यायचा असेल तर एक सोपी परीक्षा करा. फवारलेल्या वावरातली माती एका कुंडीत आणि न फवारलेल्या जागची दुसरीत भरा. दोहोंत दहा-दहा दाणे टोका, सारखे पाणी द्या, उन्हात ठेवा आणि तीन आठवडे पाहा. पहिल्या कुंडीतली रोपे पिवळी पडून करपू लागली, तर त्या वावरात यंदा रब्बी ज्वारीच पेरा.