उबेबरोबर धुराचाही हिशेब

कार्तिक पौर्णिमा सरली की नाशिकची थंडी अंगात भिनू लागते. निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, कपाटातल्या शाली बाहेर येतात आणि घरोघरी गरम पाण्याची घाई सुरू होते. पहाटेच्या स्नानापासून पिण्याच्या उकळलेल्या पाण्यापर्यंत आपल्या घरांत अग्नीचे काम लवकर सुरू होते. अग्नी आला की धूर आलाच, हे आपल्या आजी-पणजींना कोणी शिकवावे लागले नाही. आजच्या पिढीला ते सांगावे लागते, कारण आजचा धूर डोळ्यांना दिसत नाही.

तांब्याचा बंब आठवून पाहावा. मधोमध उभी नळी, तळाशी जाळी, भोवती पाणी. नळीत लाकडाच्या ढलप्या वा कोळसा पडे, राख खाली गळे आणि धूर वर निघून जाई. बंबाची चिमणी त्याच्या पोटातच होती. पण ती धूर तोंडापर्यंत आणून सोडी. पुढचे काम मोकळ्या हवेचे होते. म्हणून बंब परसात वा पडवीत पेटे आणि स्वयंपाकघराच्या छपराला धुराडे असे. वाडे गेले, सदनिका आल्या. परस गेले, त्याबरोबर धुराडेही गेले. बंबाची जागा गॅस गिझरने घेतली आणि तो मात्र आपण थेट न्हाणीघरात नेऊन टांगला.

हवेचा ताळेबंद

सिलिंडरमधील गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळतात. त्यामुळे ‘वास नाही, म्हणजे धोका नाही’ असा आपला समज होतो. हा समज गळतीपुरता उपयोगी आहे. जळलेल्या गॅसला तो लागू नाही. हवा अपुरी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण प्राणवायू शरीराला पोहोचत नाही.

बँकेत आयुष्य गेल्याने आकडे मांडल्याशिवाय समाधान होत नाही. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारे 13 घनमीटर हवा लागते. मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो. न्हाणीघर 5 फूट बाय 6 फूट आणि उंची 8 फूट धरली, तर आतली सगळी हवा 7 घनमीटरही भरत नाही. पाऊण बादलीवरून पाऊण तासावर गेलेले स्नान बाजूला ठेवू. पंधरा मिनिटांतच सव्वातीन घनमीटर, म्हणजे जवळपास निम्मी हवा खर्ची पडते. थंडी म्हणून खिडकी बंद, दाराला कडी. खर्च चालू, जमा शून्य. असे खाते बुडणारच.

बसवताना काय पाहावे

गॅस गिझर न्हाणीघरात बसवूच नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत असावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. काचेच्या सरकत्या खिडक्यांनी बंद केलेली बाल्कनी ही मोकळी जागा नव्हे. ती खोलीच आहे. सोसायटीत हा विषय निघाला की बाल्कनीची शोभा जाईल, अशी पहिली तक्रार येते. त्या शोभेची किंमत एकदा नीट मोजावी.

धूर-नळी जोडता येईल अशा बनावटीचा गिझर असेल, तर नळीचा व्यास कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलाच ठेवावा. वाटेत तो कोठेही कमी करू नये. नळी सतत चढती असावी, वळणे कमीत कमी असावीत आणि शेवट इमारतीबाहेर, खिडक्यांपासून दूर व्हावा. स्वयंपाकघरातील विजेच्या चिमणीच्या नळीला ती कधीही जोडू नये. त्याच जागेत जोरकस एक्झॉस्ट फॅन असेल, तर तो वर जाणारा धूर उलटा खोलीत ओढतो. दारे-खिडक्या बंद करून पंखा लावावा आणि धूर-नळीच्या तोंडाशी जळती उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर परतला, तर गिझर तत्काळ बंद करावा.

बाहेरच्या तोंडाला सुरुवातीलाच जाळी बसवावी. अन्यथा चिमण्या-कबुतरे तेथे घरटे करतात, नळी तुंबते आणि मुक्या जीवांनाही इजा होते. ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली वा काजळी दिसू लागली, तर जाणकाराकडून सफाई करून घ्यावी. घरात नळाचा गॅस आला असेल, तर सिलिंडरसाठी बनवलेला गिझर तसाच त्यावर जोडू नये. दोहोंची बनावट वेगळी असते.

थंड प्रदेशातील शेगडी

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलांच्या घरी लाकडाची शेगडी भिंतीतील चिमणीला जोडलेली असते. तेथील प्रचलित नियम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. शेगडीला तिची स्वतंत्र चिमणी हवी. वरच्या नळीचे टोक खालच्या नळीच्या आत बसवावे, म्हणजे डांबरासारखा चिकट रस बाहेर न झिरपता शेगडीत परततो. एकेरी पत्र्याची नळी लाकडी वस्तूंपासून 18 इंच दूर हवी. चिमणीचे तोंड छपरापेक्षा किमान 3 फूट आणि 10 फुटांच्या आतील कोणत्याही भागापेक्षा 2 फूट उंच असावे. वर्षातून एकदा तपासणी आणि गरजेनुसार सफाई हवी.

प्रवासातही सावध असावे. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक गॅस हीटर लावलेल्या बंद खोलीत दगावले. जानेवारी 2025 मध्ये श्रीनगरच्या पांद्रेठन भागात एकाच कुटुंबातील पाच जण गुदमरून गेले. हॉटेलच्या खोलीत शेगडी वा गॅस हीटर पेटता ठेवून झोपू नये.

प्रसंग आलाच तर

डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही लक्षणे घरातील अनेकांना एकाच वेळी जाणवली आणि बाहेर येताच बरे वाटले, तर संशय घ्यावा. न्हाणीघरातून हाकेला उत्तर आले नाही, तर गॅस बंद करून दार उघडावे वा तोडावे, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना गिझरची माहिती आवर्जून द्यावी, कारण बोटाला लावायचे साधे यंत्र अशा वेळी प्राणवायूचे प्रमाण चांगले असल्याचे खोटेच दाखवू शकते.

विजेचा वा सौर गिझर घेता आला, तर हा प्रश्नच उरत नाही. गॅसचाच ठेवायचा असेल, तर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी छोटी घंटा घरात बसवावी. दुकानाचा विमा आपण चुकवत नाही, गोदामातील अग्निशामक यंत्राची तारीख पाहतो. या रविवारी तेवढाच वेळ काढून गिझरची जागा, नळी आणि खिडकी पाहून घ्यावी. आणि भाड्याने दिलेल्या घरातीलही पाहावी, कारण तेथे राहणाऱ्यांचा जीवही आपल्याच भरवशावर आहे.