गाभडलेली शेळी आणि घरातला न हटणारा ताप

वस्तीत शेळी गाभडली की काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. घरातली बाई उघड्या हातांनी मेलेले करडू उचलते, वार उकिरड्यावर टाकते आणि अंगणात पाणी मारते. वार कुत्री ओढून नेतात. "उष्णता झाली असेल, नाहीतर दुसरीने ढुशी दिली असेल," असे म्हणून आपण विषय सोडून देतो.

पुढे काही आठवड्यांनी त्याच बाईला ताप येऊ लागतो. रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर आणि गुडघे धरतात. मलेरिया निघत नाही, टायफॉइडही निघत नाही. गोळी घेतली की ताप उतरतो आणि पुन्हा येतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो.

या रोगाचे नाव ब्रुसेलोसिस. जनावरांचे डॉक्टर त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. तो शेळ्या-मेंढ्यांना, गाई-म्हशींना होतो आणि त्यांच्यापासून माणसाला होतो.

धडधाकट शेळीही रोगी असू शकते

माल्टा बेटावर इंग्रज सैनिक अशाच तापाने आजारी पडत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कोठून हे कळत नव्हते. १९०५ साली तिथलेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांनी शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या चांगल्या चरत होत्या, दूध देत होत्या. पण रक्तात रोगाची खूण निघाली. पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद केले आणि ताप झपाट्याने कमी झाला. नुसत्या नजरेने हा रोग ओळखता येत नाही. रक्त तपासावेच लागते.

शंका कधी घ्यावी?

शेळी साधारण पाच महिने गाभण असते. शेवटच्या दोन महिन्यांत ती गाभडली, वार अडकली, करडू मेलेले किंवा फार अशक्त जन्मले, बोकडाचे वृषण सुजले किंवा सांधे सुजले, तर शंका घ्यावी. एकामागून एक शेळ्या गाभडू लागल्या तर अजिबात थांबू नये. गाभडण्याची इतर कारणेही असतात, म्हणूनच तपासणी हवी.

काय करावे?

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कळवावे किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करावा. डॉक्टर रक्ताचा नमुना घेतात. प्रयोगशाळेत रोझ बंगाल नावाच्या चाचणीत चार मिनिटांत संशय आहे की नाही ते कळते. मग खात्रीसाठी पुढची तपासणी होते.

तोपर्यंत ती शेळी वेगळी बांधावी. करडू आणि वार उचलताना हातमोजे घालावेत. ते नसतील तर दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात, तोंडाला फडके लावावे. गर्भवती बाई आणि मुले यांनी जवळ जाऊ नये. खोल खड्ड्यात चुना टाकून सगळे पुरावे, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. दूध उकळूनच प्यावे. धारोष्ण दूध औषधी असते हा समज सोडावा.

गाय-म्हैस असेल तर चार ते आठ महिन्यांच्या मादी वासराला या रोगाची लस टोचून घ्यावी. २०१९ पासून ती सरकारी मोहिमेत दिली जाते.

शेळी विकून आपली शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च भागतो. रक्तात रोग निघाला तर काय, या भीतीने तपासणी टाळली जाते, हे आम्ही जाणतो. पण रोगी शेळी गुपचूप बाजारात विकली तर रोग दुसऱ्या वस्तीत, दुसऱ्या बाईच्या हातात जातो. घरात ठेवली तर सगळा कळप आणि आपलीच माणसे धोक्यात येतात. निकाल आल्यावर पुढे काय करायचे, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवा. ताप हटत नसेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. "आमच्या घरी शेळ्या आहेत, एक गाभडली होती," हे आपणहून सांगा. मग ते योग्य रक्ततपासणी सांगतील. रोग निघालाच तर औषधे साधारण सहा आठवडे चालतात. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडू नका.